रिकाम्या चौकटींचा हिशेब

फोनवरून पैसे भरताना पडद्यावरची चकती फिरत राहते, खात्यातून रक्कम वजा झाल्याचा मेसेज येतो, आणि दुकानदार मात्र मान हलवतो: ‘आले नाहीत.’ हा प्रसंग न अनुभवलेला माणूस आता सापडणं अवघड. अशा वेळी आपण नेटवर्कला दोष देऊन मोकळे होतो. पण नेटवर्क अधूनमधून तुटणार, हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. खरा प्रश्न असा की, ते तुटल्यावर प्रोग्रामने काय करायचं हे कुणी आणि कुठे लिहून ठेवलं होतं? पुष्कळदा कुणीच नाही. लिहिणाऱ्याच्या डोक्यात दोनच शक्यता होत्या: पैसे गेले किंवा नाही गेले. ‘गेले की नाही ते अजून कळलेलं नाही’ ही तिसरी शक्यता त्याने मोजलीच नव्हती.

सॉफ्टवेअर कंपन्यांत ‘स्पेक’ नावाचा एक दस्तऐवज असतो. स्पेसिफिकेशनचं हे घरगुती नाव. त्यात साधारण अशी वाक्यं असतात: ग्राहकाला पैसे भरता आले पाहिजेत. पैसे भरल्यावर तिकीट मिळालं पाहिजे. ग्राहकाला ऑर्डर रद्द करता आली पाहिजे. तिन्ही वाक्यं बरोबर आहेत, क्लायंटने तिन्हींवर सही केली आहे. पण पैसे भरण्याची प्रक्रिया अर्ध्यावर असताना ग्राहकाने ‘रद्द’ दाबलं तर? या प्रश्नावर तिन्ही वाक्यं गप्प आहेत. मग रात्री अकरा वाजता कोड लिहिणारा मुलगा किंवा मुलगी त्याचं उत्तर स्वतःच ठरवून टाकते, आणि बहुतेक वेळा आपण काही ठरवलं हे तिच्या लक्षातही येत नाही. या लेखाचा विषय आहे ती गप्प जागा, आणि ती शोधून काढायचं एक जुनं, स्वस्त साधन.

रेल्वेचं ई-तिकीट घ्या. जागा नसेल तर ते ‘वेटिंग’मध्ये असतं. पुढच्या कुणी आपलं तिकीट रद्द केलं की ते ‘आरएसी’त येतं, म्हणजे गाडीत चढता येतं, पण बाजूचा खालचा बर्थ दोघांनी वाटून घ्यायचा. आणखी सरकलं की ‘कन्फर्म’. वेटिंग, आरएसी, कन्फर्म, रद्द या त्या तिकिटाच्या अवस्था. कुणाचं तरी तिकीट रद्द होणं, आपण स्वतः रद्द करणं, चार्ट तयार होणं या घटना. आता गंमत पाहा. ‘चार्ट तयार झाला’ ही एकच घटना, पण कन्फर्म तिकिटाला ती धक्का लावत नाही, आरएसीवाल्याला बसून का होईना प्रवास करू देते, आणि पूर्ण वेटिंगमध्ये राहिलेलं ई-तिकीट आपोआप रद्द करून पैसे परतीच्या वाटेला लावते. खिडकीवरून काढलेलं वेटिंगचं तिकीट मात्र असं आपोआप रद्द होत नाही. तिथे रिफंड हवा तर प्रवाशाने ते स्वतः परत करायचं असतं.

म्हणजे दोन्ही तिकिटांवर ‘वेटिंग’ असं लिहिलेलं असलं, तरी एकाच घटनेला ती दोन वेगळी उत्तरं देतात. प्रोग्रामरच्या दृष्टीने त्या दोन निराळ्या अवस्था झाल्या. अवस्था ओळखायची माझी कसोटी एवढीच: पुढच्या घटनेचं उत्तर बदलत असेल तर अवस्था वेगळी. प्रवाशाचं नाव, भाडं, गाडीचा नंबर ही नुसती माहिती. भाडं तीनशे असलं काय नि तीन हजार असलं काय, चार्ट लागल्यावर तिकिटाचं जे व्हायचं तेच होणार. ही कसोटी लावली नाही तर माणसं प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला अवस्था करून बसतात आणि मग ‘हे सगळं पुस्तकी आहे’ म्हणून सोडून देतात.

मोजक्या अवस्था, मोजक्या घटना, आणि कोणत्या अवस्थेत कोणती घटना घडली की कुठे जायचं याचा नियम. याला फायनाइट स्टेट मशीन म्हणतात. कल्पना बरीच जुनी आहे. १९४३ मध्ये वॉरन मॅकलॉक आणि वॉल्टर पिट्स यांनी मेंदूतल्या पेशींच्या जाळ्याचं गणिती चित्र मांडलं आणि पुढे स्टीफन क्लीनी यांनी अशी जाळी नेमके कोणते घटनाक्रम ओळखू शकतात हे सिद्ध केलं. बेल लॅब्जमधले जॉर्ज मिली (१९५५) आणि एडवर्ड मूर (१९५६) यांनी असली यंत्रं तक्त्यात कशी मांडायची आणि अभ्यासायची ते दाखवलं. मायकेल राबिन आणि डेना स्कॉट यांनी १९५९ मध्ये त्याचं नेटकं गणित लिहिलं. त्याबद्दल त्यांना १९७६ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९६८ मध्ये केन थॉम्पसन यांनी मजकुरातला शोध याच यंत्रांवर बसवला, आणि रेग्युलर एक्स्प्रेशन हे प्रोग्रामरच्या हातातलं रोजचं हत्यार झालं. कॉलेजात हा विषय ‘थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन’ या पेपरात येतो, वर्तुळं-बाण काढून मार्क मिळतात, आणि नोकरी लागल्यावर त्याचा पुन्हा कधी उल्लेख होत नाही. पैसे भरण्याच्या प्रश्नाशी त्या वर्तुळांचा काही संबंध असेल, हे तिथे कुणी सांगतच नाही.

तो संबंध आता पाहू. एका साध्या ऑर्डरच्या अवस्था लिहा: नवी, पैशांच्या प्रतीक्षेत, भरलेली, फसलेली, परत केलेली. घटना लिहा: ग्राहकाने ‘पे’ दाबलं, बँकेचा होकार आला, बँकेचा नकार आला, वाट पाहण्याची मुदत संपली, ग्राहकाने रद्द केलं. पाच अवस्था उभ्या, पाच घटना आडव्या, पंचवीस चौकटींचा तक्ता तयार. एखाद्या टीमला फळ्यावर चित्र काढायला सांगितलं तर ती सहा-सात बाण काढते आणि चहाला जाते. तक्त्यात तेच बाण भरले की अठरा-एकोणीस चौकटी रिकाम्या दिसतात. बाणांच्या चित्रात न काढलेला बाण दिसत नाही. तक्त्यात रिकामी चौकट डोळ्यांवर येते. म्हणूनच मी फळ्यावरच्या चित्रापेक्षा तक्त्याच्या बाजूचा आहे, जरी चित्र दिसायला कितीतरी छान असलं तरी.

प्रत्येक रिकाम्या चौकटीला तीनपैकी एक उत्तर हवं: अमुक अवस्थेत जा, मुद्दाम दुर्लक्ष कर, किंवा हे घडूच शकत नाही, घडलं तर गजर वाजव. ‘भरलेली’ या अवस्थेत पुन्हा ‘बँकेचा होकार’ आला तर दुर्लक्ष करायचं, कारण पेमेंट गेटवे तोच निरोप दोनदा पाठवू शकतो. ‘नवी’ अवस्थेत, ग्राहकाने ‘पे’ दाबलेलंच नसताना होकार आला, तर गजर. आणि ‘फसलेली’ या अवस्थेत होकार आला तर? इथे टीम थबकते. मुदत संपली म्हणून आपण ऑर्डर फसलेली ठरवली, ग्राहकाला तसं कळवलं, त्याने दुसऱ्या कार्डाने पुन्हा पैसे भरले, आणि मग चार मिनिटांनी पहिल्या बँकेचा होकार उगवला. ही चौकट रिकामी सोडली तर प्रोग्राम एक तर तो होकार फेकून देतो आणि ग्राहकाचे पैसे अधांतरी राहतात, किंवा आनंदाने दुसरंही तिकीट काढतो.

याचं मूळ दोन ओळी वर आहे. ‘प्रतीक्षेत’ असताना मुदत संपली की ‘फसलेली’ हा बाणच चुकीचा होता. मुदत संपणं म्हणजे नकार नव्हे. मुदत संपणं म्हणजे अज्ञान. त्याला स्वतःची अवस्था हवी. तिला ‘खात्री बाकी’ म्हणू. या अवस्थेत असताना पुन्हा पैसे मागायचे नाहीत, तिकीट द्यायचं नाही, बँकेकडे ठरावीक अंतराने चौकशी करत राहायचं. आता तक्ता तीस चौकटींचा झाला, आणि पाच नव्या चौकटींपैकी सर्वांत महत्त्वाची ही: या अवस्थेत किती काळ राहायचं?

भारतात या चौकटीचं उत्तर प्रोग्रामरवर सोडलेलं नाही. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती घालून दिल्या. यूपीआयवरून दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पैसे खात्यातून वजा झाले पण समोरच्याला पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत आले पाहिजेत. दुकानदाराला दिलेले पैसे पोचल्याची खात्री झाली नाही, तर पाच दिवसांत. एटीएममधून नोटा न येता रक्कम वजा झाली तर तीही पाच दिवसांत. त्यानंतर रोज शंभर रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता. वकिली भाषेतलं हे परिपत्रक मला स्पेकचा उत्तम नमुना वाटतं. कोणती अवस्था, कोणती घटना, किती मुदत, मुदत टळली तर काय, सगळं त्यात आहे. कित्येक कंपन्यांच्या शंभर-शंभर पानी स्पेकमध्ये इतकं सापडत नाही.

प्रत्यक्ष कोडमध्ये अवस्था बिघडते ती बहुधा फ्लॅगमुळे. सुरुवातीला ऑर्डरच्या नोंदीत एकच हो-नाही रकाना असतो: पैसे भरले का. मग क्लायंट म्हणतो, रद्द करण्याची सोय द्या, म्हणून दुसरा रकाना. मग परतावा, मग पाठवणी. चार रकाने झाले, प्रत्येकात दोन शक्यता, म्हणजे सोळा जोड्या. त्यातल्या अर्थपूर्ण सहा. उरलेल्या दहांत ‘पैसे भरलेले नाहीत पण परतावा झाला’ किंवा ‘रद्द झाली आणि पाठवलीही’ अशा जोड्या बसलेल्या असतात. त्या येऊ नयेत म्हणून कोडभर ‘जर हे असेल आणि ते नसेल’ अशा अटी पेराव्या लागतात. पाचवा रकाना आला की जोड्या बत्तीस. त्याऐवजी ‘स्टेटस’ नावाचा एकच रकाना आणि त्यात सहांपैकी एक नाव, एवढं केलं तर उरलेल्या दहा जोड्या लिहिताच येत नाहीत. जी चूक लिहिताच येत नाही ती शोधण्यासाठी टेस्टिंगचा पगार द्यावा लागत नाही.

अवस्था लिहिल्या पण चौकट रिकामी राहिली, तर काय होतं? त्याचं सर्वांत भयानक उदाहरण वैद्यकीय यंत्राचं आहे. थेराक-२५ हे कॅनडाच्या ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या सरकारी कंपनीचं किरणोपचार यंत्र. अमेरिका आणि कॅनडात मिळून अशी अकरा यंत्रं बसवली गेली. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात त्यांतल्या काहींनी सहा रुग्णांना मर्यादेच्या कितीतरी पट जास्त किरणांचा मारा केला. यंत्र दोन तऱ्हांनी चाले. एकात इलेक्ट्रॉनचा सौम्य झोत थेट रुग्णावर. दुसऱ्यात सुमारे शंभरपट तीव्र झोत एका धातूच्या पट्टीवर आदळवून क्ष-किरण निर्माण करायचे. कोणत्या तऱ्हेला झोतासमोर काय यावं हे एक फिरती तबकडी ठरवे. तीव्र झोत आणि समोर पट्टी नाही, ही जोडी जीवघेणी. आधीच्या थेराक-२० मध्ये ही जोडी अडवणारे स्वतंत्र यांत्रिक खटके होते. थेराक-२५ मध्ये ते काढून काम सॉफ्टवेअरवर सोपवलं गेलं.

टेक्सासमधल्या टायलर गावच्या कर्करोग केंद्रात मार्च १९८६ मध्ये चालिकेने सवयीने क्ष-किरणांचं अक्षर टाइप केलं, चूक लक्षात आल्यावर कर्सर वर नेऊन ते इलेक्ट्रॉनचं केलं, भराभर एंटर दाबत खाली आली आणि झोत सुरू केला. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढंच उमटलं. रोजच काही ना काही बिघाडाचे आकडे येत, म्हणून तिने पुढे जाण्याची कळ दाबली. तीनच आठवड्यांनी त्याच ठिकाणी तेच पुन्हा घडलं. दोन्ही रुग्ण पुढे दगावले. कंपनीला तो बिघाड स्वतःकडे घडवून दाखवता येत नव्हता. रुग्णालयाच्या भौतिकशास्त्रज्ञाने त्या चालिकेसोबत पुन्हापुन्हा प्रयोग करून शोधून काढलं, की दुरुस्ती खूप वेगाने केली तरच तो उद्भवतो. सराव झालेल्या हातांनाच तो सापडत होता.

आता आतली गोष्ट. या प्रोग्राममध्ये अवस्था नव्हत्या असं मुळीच नाही. उपचाराचा कोणता टप्पा चालू आहे हे सांगणारं एक चल त्यात होतं आणि त्याच्या किमतीनुसार आठपैकी एक उपकार्यक्रम चाले: माहिती भरणं, मांडणीची तपासणी, उपचार, थांबवणं वगैरे. कर्सर पडद्याच्या तळाशी पोचला की ‘माहिती भरून झाली’ असा फ्लॅग उभा राही. मग चुंबकं जागेवर बसवायला सुमारे आठ सेकंद लागत. त्या आठ सेकंदांत कुणी वर जाऊन माहिती बदलली तर ते पाहण्याची सोयही होती. पण ती ज्या फ्लॅगवर अवलंबून होती तो पहिलं चुंबक बसताच पुसला जाई. त्यानंतरचा बदल तबकडीपर्यंत पोचे, झोताच्या तीव्रतेपर्यंत पोचत नसे. तबकडी इलेक्ट्रॉनच्या जागी, झोत क्ष-किरणांचा. ‘माहिती भरून झाली’ ही अवस्था आणि ‘चालिकेने माहिती बदलली’ ही घटना, यांच्या चौकटीत धड काही लिहिलेलं नव्हतं.

जानेवारी १९८७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा इथे झालेल्या अपघाताचं कारण निराळं, जात तीच. तबकडी तपासायची की नाही हे सांगणाऱ्या एका बाइटच्या चलात शून्याखेरीज काहीही असेल तर ‘तपासा’, शून्य असेल तर ‘नको’. ‘तपासा’ सांगण्यासाठी त्यात एक ठरावीक आकडा ठेवण्याऐवजी प्रोग्राम दर फेरीला त्यात एक मिळवत जाई. एका बाइटमध्ये २५५ नंतर पुन्हा शून्य येतं. दर २५६ व्या फेरीला तपासणी गळायची, आणि नेमक्या त्या क्षणी चालकाने बटण दाबलं. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या सगळ्याचा सविस्तर तपास प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही चौकशीत बोट ठेवलं ते इथेच: सॉफ्टवेअरचं स्पेसिफिकेशन आणि चाचणीची योजना यांची कागदपत्रंच धड नाहीत. एकेक बग दुरुस्त करत गेल्याने यंत्र सुरक्षित होत नाही, हा लेव्हसन यांचा आग्रह मला आजही सर्वांत मोलाचा वाटतो.

उलट बाजूचं, चौकटी भरण्याच्या शिस्तीचं उदाहरण आपण रोज वापरतो. इंटरनेटवर दोन यंत्रांमधली जोडणी टीसीपी या नियमावलीने चालते. सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या ‘आरएफसी ७९३’ या स्पेकमध्ये रेघा आणि चिन्हं टाइप करून काढलेलं एक चित्र आहे: अकरा अवस्था, त्यांच्यामधले बाण. जोडणी उघडताना दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी हाक दिली तर? क्वचितच घडणारी गोष्ट, पण बाण आहे. दोघांनी एकाच वेळी निरोप घेतला तर? त्यासाठी ‘क्लोजिंग’ नावाची आख्खी स्वतंत्र अवस्था आहे. २०२२ मध्ये या स्पेकची सुधारित आवृत्ती आली, पण त्या अकरा अवस्था तशाच राहिल्या.

सर्व्हर बंद करून लगेच सुरू केला की ‘पत्ता आधीच वापरात आहे’ असा संदेश येतो, तेव्हा नवखा प्रोग्रामर वैतागतो. ती ‘टाइम-वेट’ अवस्था आहे. निरोपाचा शेवटचा शब्द वाटेत हरवला असेल तर समोरचा पुन्हा विचारेल, आणि जुन्या जोडणीची भटकी पाकिटं नव्या जोडणीत घुसू नयेत, म्हणून जोडणी संपल्यावरही थोडा वेळ थांबायचं असं त्यात ठरलेलं आहे. लिनक्समध्ये हा वेळ साठ सेकंद. याउलट सर्व्हरवर शेकडो जोडण्या ‘क्लोज-वेट’मध्ये साचलेल्या दिसल्या तर नेटवर्कवाल्यांना फोन करू नका. त्या अवस्थेचा अर्थ असा की समोरच्याने निरोप घेतला आहे आणि जोडणी बंद करायची राहिली आहे ती आपल्याच प्रोग्रामकडून. अवस्थेला नाव असलं की दोष कुणाचा हे पाच मिनिटांत कळतं.

तक्त्याची एक मर्यादा लवकरच जाणवते. दहा भागांचं यंत्र, प्रत्येक भागाच्या चार अवस्था, तर एकूण जोड्या दहा लाखांवर जातात. कोण लिहिणार? हा प्रश्न डेव्हिड हॅरेल यांच्यापुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आला, इस्रायलच्या ‘लावी’ या लढाऊ विमानाच्या इलेक्ट्रॉनिक्सवर सल्लागार म्हणून काम करताना. विमानाचं स्पेक म्हणजे जाडजूड ग्रंथ. हॅरेल विचारत, अमुक परिस्थितीत वैमानिकाने हे बटण दाबलं तर काय होतं? अभियंते ग्रंथ उघडून उत्तर दाखवत. मग ते विचारत, त्याच वेळी क्षेपणास्त्राने लक्ष्य धरलेलं असेल तरी? नाही, मग दुसऱ्या खंडात वेगळं लिहिलंय. असे चार-पाच प्रश्न झाले की अभियंत्यांनाही खात्री उरत नसे आणि थेट हवाई दलाला फोन करून विचारावं लागे. यातून हॅरेल यांनी स्टेटचार्ट घडवले: अवस्थेच्या पोटात अवस्था, आणि शेजारी शेजारी एकाच वेळी चालणाऱ्या अवस्था. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखातलं मुख्य उदाहरण मात्र विमानाचं नाही, डिजिटल मनगटी घड्याळाचं आहे; चार बटणांच्या घड्याळात किती गुंता असतो हे पाहायचं तर तो लेख वाचावा. लावी प्रकल्प त्याच वर्षी रद्द झाला. स्टेटचार्ट पुढे यूएमएल या सॉफ्टवेअरच्या चित्रभाषेत गेले आणि आज वेब प्रोग्रामरही ते वापरतात.

दुसरा उपाय म्हणजे चौकटी तपासायचं काम यंत्रालाच द्यायचं. १९८१-८२ मध्ये एडमंड क्लार्क आणि ॲलन एमर्सन यांनी अमेरिकेत, तर जोसेफ सिफाकिस यांनी सहकाऱ्यासह फ्रान्समध्ये, ‘मॉडेल चेकिंग’ची पद्धत स्वतंत्रपणे मांडली, तिघांना २००७ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. यात तुम्ही अवस्था आणि नियम लिहून द्यायचे, ‘एकाच पैशाची दोन तिकिटं कधीही निघू नयेत’ अशी अट लिहायची, आणि संगणक पोचता येईल अशा प्रत्येक अवस्थेत जाऊन ती पाळली जाते का ते पाहतो. मोडली तर तिथवर जाणारी पावलं दाखवतो. १९७८ च्या नीडहॅम-श्रोडर सुरक्षा-संवादात सतरा वर्षांनी गॅविन लो यांना एक भगदाड सापडलं, आणि दुरुस्ती केल्यावर ती टिकते का हे त्यांनी अशाच साधनाने तपासलं. ॲमेझॉनने २०११ पासून लेस्ली लॅम्पोर्ट यांची ‘टीएलए प्लस’ ही स्पेक-भाषा वापरायला घेतली. त्यांच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसच्या रचनेत तिने माहिती गमावू शकणारा असा दोष दाखवला, की तो घडायला किमान पस्तीस पावलं नेमक्या क्रमाने पडावी लागत. रचनेची आणि कोडची कसून छाननी झाली होती, टेस्टिंगही झालं होतं. कुणालाच तो दिसला नव्हता, आणि दिसण्याची अपेक्षा करणंही गैर. पस्तीस पावलांचा क्रम डोक्यात धरणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

एवढं सगळं प्रत्येक प्रकल्पाला लागत नाही. तालुक्याच्या पतसंस्थेच्या भरणा-पावतीसाठी मॉडेल चेकर कशाला? तिथे तक्ता पुरतो, पण कोडमध्ये तो नीट उतरला पाहिजे. सगळी अवस्थांतरं एकाच फंक्शनमधून जाऊ द्या. स्टेटस बदलणारी ओळ दहा फायलींत विखुरली की तक्ता कागदावरच राहतो. भाषा परवानगी देत असेल तर अवस्था मोकळ्या अक्षरांत न लिहिता ‘एनम’ वापरा, म्हणजे नवी अवस्था वाढवल्यावर जिथे तिचा विचार झालेला नाही तिथे रस्ट, कॉटलिन यांसारख्या भाषांचे कंपायलर आपणहून हरकत घेतील. डेटाबेसमध्ये ‘स्टेटस भरलेली कर’ असं सरळ न लिहिता ‘स्टेटस प्रतीक्षेत असेल तरच भरलेली कर’ असं लिहा आणि किती नोंदी बदलल्या ते पाहा. शून्य आलं तर दुसऱ्या कुणीतरी आधीच काम केलं आहे. एकाच क्षणी आलेल्या दोन होकारांचा प्रश्न या एका अटीने सुटतो. एसएमएस, ईमेल, पावती हे अवस्थेला न बांधता अवस्थांतराला बांधा, नाहीतर पान पुन्हा उघडलं की एसएमएस पुन्हा जातो. प्रत्येक अवस्थांतराची नोंद ठेवा: आधीची अवस्था, घटना, नंतरची अवस्था, वेळ. तक्रार आल्यावर ही एक ओळ शंभर ओळींच्या लॉगपेक्षा कामाची. आणि जिथे जिथे वाट पाहणं आहे तिथे तिथे मुदतीची घटना हवीच. मुदत नसलेली प्रतीक्षा म्हणजे न लिहिलेला बग, असं मी सरळ धरून चालतो.

तक्ता कोण भरणार, हा मुद्दा मात्र तांत्रिक नाही. फसलेल्या ऑर्डरवर उशिरा होकार आला तर पैसे परत करायचे की तिकीट द्यायचं, हे प्रोग्रामरने ठरवू नये. ते धंदा चालवणाऱ्याने ठरवायचं आहे. म्हणून तक्ता घेऊन क्लायंटकडे जा. त्याला कोड वाचता येत नाही, यूएमएल वाचता येत नाही, पण उभ्या-आडव्या रकान्यांची वही त्याने आयुष्यभर पाहिली आहे. रिकाम्या चौकटीवर बोट ठेवून ‘इथे काय करू?’ एवढं विचारलं की जी चर्चा प्रॉडक्शनमध्ये गोंधळ झाल्यावर व्हायची ती आधीच होते, आणि ‘आम्ही असं सांगितलं नव्हतं’ हे वाक्य दोन्ही बाजूंना म्हणता येत नाही.

टीएलए प्लसची साधनं आणि बेल लॅब्जमध्ये जेरार्ड होल्झमन यांनी घडवलेला ‘स्पिन’ हा मॉडेल चेकर, दोन्ही फुकट मिळतात. लॅम्पोर्ट यांची व्हिडिओ व्याख्यानंही फुकट पाहता येतात. त्यांच्याकडे जरूर जा, पण आधी आपल्या चालू प्रकल्पातली सर्वांत जास्त तक्रारी येणारी एकच गोष्ट निवडा, तिच्या अवस्था आणि घटना एका कागदावर मांडा आणि त्यातल्या रिकाम्या चौकटी मोजा.